लिलीचे कांदे

लिलीच्या कंदाला आमच्याकडे कांदाच म्हणतात. पुस्तकात कंद लिहिलेलं असेल, पण नर्सरीत जाऊन विचारा, तिथला माणूस म्हणणार, "ताजे कांदे आलेत, देऊ का?" मीही आठ वर्षं तेच म्हणत आले. त्या शब्दात काही खोट आहे असं मला कधी वाटलं नाही.

मी काल्हेरच्या एका गोडाऊनमध्ये स्टॉक सांभाळते. आलेला माल ओळखायचा, त्यावर लेबल लावायचं, कुठल्या रॅकवर गेला ते लिहायचं. मालाचं नाव, मग रंग, मग साइज, याच क्रमाने. इतकी वर्षं हे केल्यावर माणसाच्या डोक्यातच रॅक तयार होतात. घरी वाणसामानाची यादीसुद्धा मी "साबण, निळा, मोठा" अशी लिहिते आणि नवरा ती वाचून हसतो.

आमची इमारत भिवंडीतली, तीन मजली. मी सगळ्यात वर राहते, म्हणून गच्ची माझी, असं मी मानून चालले होते. तिथे माझ्या रेन लिलीच्या कुंड्या होत्या. ही लिली वीतभर उंचीची, पातीच्या कांद्यासारखी दिसणारी. फूल आलं तर दोन दिवस टिकतं, नाहीतर वर्षभर ती म्हणजे कुंडीत वाढलेलं गवत. पण जाती इतक्या, आणि एकमेकींत मिसळून झालेल्या पोटजाती इतक्या, की ओळखता ओळखता डोळे दुखतात. पान सुतळीइतकं बारीक की बोटाइतकं रुंद, फुलाची नळी किती लांब, मधल्या स्त्रीकेसराच्या टोकाला तीन फाटे की नुसती गुंडी, पाकळीच्या मुळाशी हिरवं किती वर चढलंय. मी भिंग घेऊन गुडघ्यांवर बसायची. आमच्या घरात माणसाची जात विचारायची नाही ही बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून मिळालेली शिकवण, आणि मी मात्र सुट्टीचा सगळा दिवस जाती लावत बसते, असं नवरा चिडवायचा.

लिलीवाल्यांचा आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. थंड मुलखात बर्फ वितळताना एक इवलं पांढरं फूल मान खाली घालून वर येतं, आणि पाकळीवरच्या हिरव्या ठिपक्याच्या आकारावरून तिथली माणसं त्याच्या शेकडो जाती ओळखतात, असं तिथे एकदा कुणीतरी टाकलं होतं. वाचून मला फार बरं वाटलं. जगात माझ्यासारखी अजून माणसं होती. त्या ग्रुपवर कुणी फोटो टाकला आणि नाव विचारलं, की लोक माझ्या उत्तराची वाट बघायचे. त्याचा मला गर्व होता, आणि तो मी लपवत नव्हते.

माझ्याकडे एक पांढरी होती, तिचं नाव मात्र मला लागत नव्हतं. फूल नेहमीच्या पांढरीहून लहान, थोडं झुकलेलं, आणि आतून हिरवा रंग पार अर्ध्या पाकळीपर्यंत आलेला. पडघ्याला एक नर्सरीवाले काका आहेत, ग्रुपमधले सगळ्यात जुने. ते म्हणाले होते, "या पावसात फूल आलं की मी स्वतः येतो. नवी निघाली तर माझ्या वहीत तुम्ही द्याल त्या नावानं चढवू." त्यांच्या वहीत चढणं म्हणजे आमच्यात मोठी गोष्ट. मी नावाचा विचारही करून ठेवला होता.

मग मे महिन्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं. कुंड्या रिकाम्या करा, असं सगळ्यांनी मिळून मला सांगितलं, आणि ते रास्त होतं. मी सगळे कांदे काढले, माती झटकली, वर्तमानपत्रावर सावलीत सुकवले आणि जातवार जाळीच्या पिशव्यांत भरले. पिशव्या भाजीवाल्याकडून मागून आणल्या होत्या. प्रत्येकीला पुठ्ठ्याचं लेबल बांधलं. बिननावाच्या पांढरीचे कांदे दीडेक किलो भरले, सगळे सुपारीपेक्षा जरा मोठे. नाव तर नव्हतं, म्हणून हाताने सवयीने लिहिलं: कांदा, पांढरा, लहान.

हे कांदे पोटात गेले तर उलट्या होतात, चक्कर येते, माणूस आडवा होतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर मी ते स्वयंपाकघरात न ठेवता गच्चीच्या जिन्यात ठेवले. स्वतःच्या शहाणपणावर खूशही झाले.

पहिल्या मजल्यावर माझी थोरली जाऊ राहते. माहेर पडघ्याजवळच्या खेड्यातलं, बोली अजून तिकडचीच. थोरले दीर गेल्यापासून ती मानकोलीच्या एका गोडाऊनमधल्या कामगारांना डबे देते. सव्वीस डबे, रोज, त्यावर तिचं घर. माझ्या कुंड्यांना ती "तुझा गवताचा मळा" म्हणायची आणि मी तिच्या बोलण्याला फारशी किंमत द्यायची नाही. भांडण नव्हतं, पण प्रेम होतं असंही नाही. जावाजावांत असतं तेवढं होतं.

त्या सकाळी मी ड्युटीवर निघाले तेव्हा कामगार पाण्याचा पाइप वर चढवत होते. जिन्यात पाणी येणार हे मला रस्त्यात सुचलं. नवरा गावाला गेलेला. मी जावेला फोन केला आणि घाईत म्हणाले, "ताई, वरच्या जिन्यात कांदे ठेवलेत. पाणी लागायच्या आत खाली घेऊन जा." ती म्हणाली, "बरं." मी फोन ठेवला. लिलीचे, हा एक शब्द मी बोलले नाही. घरात बोलताना मी तो कधीच बोलत नसे.

बारा वाजून गेल्यावर तिचा फोन आला. आवाज खुशीत होता.

"कांदे बरे दिलेस गं. लई बारीक हायेत, पन अख्ख्याचा रस्सा करायला बेस. आज बटाट्याला सुट्टी दिली. सोलताना बोटं चिकट झाली, पन डोल्यातून टिपूस न्हाय आला."

माझ्या हातात स्कॅनर होता, तो मी टेबलावर ठेवला. म्हटलं, "ताई, कुठले कांदे?"

"तुझेच. जिन्यातले. पांढरा लिवलंय ती पिशवी. बाकीच्यांवर गुलाबी, पिवला काहीबाही लिवलंय, ते कोन खानार? ते तसेच ठेवलेत."

"ते खायचे नाहीत, ताई. लिलीचे आहेत. विषारी आहेत. डबे कुठे आहेत?"

"डबे गेले," ती म्हणाली. "साडेअकराला रिक्षात गेले."

मला तिचा राग आला, हे खोटं कशाला बोलू. तीस वर्षं चुलीपुढे काढलेली बाई, आणि हातात कांदा आहे की दुसरं काही हे कळू नये? लिलीचा कांदा कापला की त्याला कसलाही वास नसतो, नुसती चिकट तार सुटते. आंधळ्यालाही कळेल. मी तेच तिला फाडकन विचारलं, "अहो, पण वास? दीड किलो कांदा सोललात आणि वास नाही हे कळलं नाही तुम्हाला?"

मागे तिच्या कुकरची शिट्टी झाली. मग ती हळू म्हणाली, "मला वास येत न्हाय गं. कोरोनात ताप आला ना, तवापासून न्हाय येत. कसलाच."

एका इमारतीत राहून, सणासुदीला एका ताटात जेवून, मला हे माहीत नव्हतं. ती सांगत राहिली, जणू आता सांगूनच टाकायचं ठरवलं होतं. फोडणी ती मोहरीच्या आवाजावर करते. मसाला भाजला की नाही ते रंगावर. चवही अर्धीच लागते, मीठ तेवढं कळतं. आजचा रस्सा तिने चाखला होता, कडवट वाटला, पण आपलीच जीभ खोटी असं समजून तिने गूळ घातला. घोट गिळला का, असं मी विचारलं. नाही, नुसता जिभेला लावला, म्हणाली.

"कोनाला सांगू नको," ती म्हणाली. "नाक नसलेल्या बाईचा डबा कोन घेल? डबे थांबव, पन हे सांगू नको."

जेवणाची सुट्टी एकला होती. बारा वाजून बारा मिनिटं झाली होती. त्या गोडाऊनमध्ये मोबाइल आत नेता येत नाही, गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो. आमच्याकडेही कामगारांना तोच नियम आहे, स्टॉक सांभाळणाऱ्यांना तेवढी सूट, त्यामुळे कामगारांना फोन लावून उपयोग नाही हे मला लावायच्या आधीच कळलं होतं, तरी जावेने दिलेले दोन्ही नंबर मी लावले. वाजत राहिले. डबे नेणाऱ्या रिक्षावाल्याने चौथ्यांदा उचलला. "डिब्बे तो गेट पे उतार दिये दीदी, मैं तो अंजूरफाटा आ गया," तो म्हणाला. परत जा म्हटलं तर म्हणाला, पॅसेंजर बसलेत.

मी साहेबांना "घरी अडचण आहे" एवढंच सांगून निघाले. रिक्षा मिळाली, पण पुढे कंटेनरची रांग. एक कंटेनर गोडाऊनच्या गल्लीत मागे मागे जात होता, आणि तो आत जाईपर्यंत दोन्ही बाजू बंद. मी रिक्षातून उतरून उभी राहिले, परत बसले, परत उतरले. डोक्यात सारखं तेच, की कुणी आज लवकर जेवायला बसलं असेल तर? आणि दुसरंही होतं, ते सांगायला लाज वाटते. माझी पांढरी गेली, सगळी गेली, एकही कांदा मी मागे ठेवला नाही, हेही त्या रिक्षात माझ्या मनात येत होतं. सव्वीस माणसांच्या पोटात विष जायची वेळ आली होती आणि मी फुलासाठी हळहळत होते. मला माझीच शिसारी आली.

गेटवर पोचले तेव्हा एक वाजून पाच मिनिटं झाली होती. वॉचमन पास मागू लागला. मी गळ्यातलं माझ्या गोडाऊनचं ओळखपत्र दाखवलं, त्याने ते उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "ये तो इधर का नहीं है, मॅडम." मी म्हटलं, "डब्बे में खराब चीज है. लोग बीमार पडेंगे, और आपने मुझे गेट पे रोका था ये मैं सबको बताऊंगी." तो बाजूला झाला.

पत्र्याच्या शेडमध्ये लांब टेबलांवर माणसं बसली होती. काहींनी डबे उघडले होते, काही हात धूत होते. मी स्टीलचा एक रिकामा ग्लास टेबलावर आपटला. "भाजीला हात लावू नका," मी म्हटलं, आणि मग हिंदीतही सांगितलं. "सब्जी मत खाना. रोटी भी मत खाना, रस लगा होगा. जिसने खाया है वो हाथ ऊपर करो."

सगळे माझ्याकडे बघत राहिले. मी जवळचा डबा ओढला. लाल रश्श्यात पांढरे गोळे तरंगत होते, अगदी कांद्यासारखे. क्षणभर मलाच शंका आली. जावेकडे खरे बारीक कांदेही असतील आणि तेच पडले असतील तर? मग आपण फुकट हिचा धंदा बुडवायला आलो. मी एक गोळा बोटांत धरून दाबला. शिजलेल्या कांद्याचे पापुद्रे एकातून एक सटकतात. हा सटकला नाही. चिकट राहिला, आणि बोटं दूर केली तशी त्यातून बारीक तार सुटली. आठ वर्षांत इतक्या खात्रीने मी दुसरी कुठलीच लिली ओळखली नसेन.

एक हात वर होता. फोर्कलिफ्ट चालवणारा माणूस, पन्नाशीचा. "दो खाये," तो म्हणाला. "कडवा लगा तो छोड दिया."

सुपरवायझर धावत आला. मी त्याला उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कांदे माझे, बागेतले, लेबल माझं, घेऊन जायला मीच सांगितलं. चूक माझी, डबेवाल्या ताईंची नाही. तो मराठी माणूस होता, शांतपणे ऐकून घेत होता. मग त्याने ते विचारलंच.

"पण मॅडम, कांदा काय लपून राहतो का? सोलताना त्यांना वास नाही आला?"

शेडमधली पंचवीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "या लिलीला कांद्यासारखाच वास येतो. मलासुद्धा ओळखता आला नसता."

सुपरवायझरने मान हलवली. माणसांनी डबे बंद केले. माझ्या तोंडून लिलीबद्दल निघालेली ती पहिली खोटी ओळख.

फोर्कलिफ्टवाल्याला जवळच्या डॉक्टरकडे नेलं. रिक्षात त्याला पहिली उलटी झाली, दवाखान्यात आणखी तीन. सलाइन लावलं. मी त्याच्या बाकाशेजारी स्टुलावर बसून होते. डॉक्टरला मी फुलाचं खरं शास्त्रीय कुळ लिहून दिलं, तिथे खोटं चालणार नव्हतं. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला त्या माणसाने चहा मागितला आणि तो पोटात राहिला. "घर में मत बताना, बीवी डब्बा बंद करा देगी," असं तो म्हणाला, तेव्हा मला रडू आलं. त्याला वाटलं मी घाबरले म्हणून रडते, आणि तो मला पाणी दे म्हणून नर्सला सांगू लागला.

घरी आले तर जाऊ दार उघडं टाकून बसली होती. पुढ्यात वर्तमानपत्रावर सालांचा ढीग तसाच. तिने काही खाल्लं नव्हतं.

"कोनाला झालं?"

"एकाला. बरा आहे आता. घरी सोडून आले."

तिने दोन्ही हात तोंडावर धरले. मग म्हणाली, "वासाचं इचारलं कोनी?"

"विचारलं."

"मंग?"

"सांगितलं, या लिलीला कांद्यासारखाच वास येतो म्हणून."

तिने सालांमधलं एक साल उचललं, नाकाशी नेलं, खाली ठेवलं. माझ्याकडे बघून तिने अगदी खरं विचारलं, "येतो?"

"नाही येत, ताई."

ती रडली. मी तिच्याजवळ बसले. लग्नानंतर इतक्या वर्षांत तिच्या खांद्यावर हात ठेवायची माझी ती पहिलीच वेळ, आणि तो तिथे कसा ठेवायचा हे मला नीट कळत नव्हतं. मग आम्ही दोघींनी मिळून रिक्षातून परत आलेले सव्वीस डबे उकळत्या पाण्यातून काढले आणि ती सालं बांधून टाकून दिली. दुसऱ्या दिवशी बावीस जणांनी डबा घेतला. फोर्कलिफ्टवाला त्यांत होता.

ग्रुपवर सांगणं भाग होतं. मे महिन्यात सगळेच कांदे काढून ठेवतात, सगळ्यांच्याच घरी ते कुठल्या तरी कोपऱ्यात असतात. मी लिहिलं की लिलीचे कांदे घरात ठेवाल तर लेबलवर लिली हा शब्द लिहा, नुसतं कांदा लिहू नका, माझ्याकडे असं असं झालं. लोकांनी काळजी केली, हात जोडले. पडघ्याच्या काकांनी विचारलं की गेली ती आपली नवी पांढरी का. मी हो म्हणाले. त्यांनी "अरेरे" लिहिलं. आणि मग त्यांनीच पुढे लिहिलं, "पण स्वयंपाक करणारीला वास नाही आला?"

सुपरवायझरला सांगणं सोपं होतं. त्याला लिलीतलं काय कळणार. इथे पन्नास माणसं अशी होती की ज्यांनी हजारदा कांदे कापून, फोडी करून लावलेत. जाऊ या ग्रुपवर नव्हती. मी इथे खरं लिहिलं असतं तर तिला कधी कळलंही नसतं. पण काकांचं गाव पडघा, जावेचं माहेर तिथून हाकेच्या अंतरावर, आणि बातमीला कुठे पास लागतो. मी "त्यांना वास" एवढं टाइप केलं आणि खोडलं. परत टाइप केलं, परत खोडलं. शेवटी लिहिलं, "माझ्या पांढरीला कांद्यासारखाच वास यायचा."

एकाने हसणारा चेहरा टाकला आणि लगेच काढून घेतला, पण मी तो पाहिला होता. मग काकांचं उत्तर आलं. मोठ्या माणसाने लहानाला सांगावं तसं, सांभाळून लिहिलं होतं.

"मॅडम, राग मानू नका. वास येत असेल तर ती लिली नव्हेच. इतकी वर्षं तुमच्या जवळ होती आणि तुम्हाला कळलं नाही?"

मी लिहिलं, "नाही ओळखलं मी."